मूठभर गहू

सुट्या धान्याच्या काट्यावर जिने काही वर्षं काढलीत तिला माणसाच्या हातांबद्दल काहीही विचारावं. तांदूळ घ्यायला आलेला माणूस आधी कोपरापर्यंत हात पिंपात घालतो. खालचे दाणे वर करतो, मूठ नाकाशी नेतो, चार दाणे दाढेखाली फोडतो आणि "जुना नाय वाटत," असं म्हणून साबणांच्या विभागात निघून जातो. जाताना हात झटकायला त्याला तूरडाळीचं पिंप बरं पडतं. हे रोज बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण गिऱ्हाइकाशी हसूनच बोलायचं असा दुकानाचा नियम होता, म्हणून मी हसायचे. माझं ते हसू बघून गिऱ्हाईक दचकतं, असं बिलिंगवर बसणारी माझी मैत्रीण म्हणायची.

दुकान क्रांती चौकाजवळ होतं, मोठं, दोन मजली, थंडगार. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. किराणा आपल्या हातानं उचलून टोपलीत टाकायचा ही गोष्ट बऱ्याच जणांना नवी होती, आणि नव्या गोष्टीचा राग लोक समोर जो उभा असेल त्याच्यावर काढतात. पिशवी दाराशी ठेवून टोकन घ्या म्हटलं की, "आम्ही चोर हाय का?" वजनाचं स्टिकर न लावता कुणी बिलिंगला गेलं आणि तिथून परत आलं की, "आधी सांगायला काय झालं होतं?" सांगितलेलं असायचं, वर पाटीही होती. पनीर नको झालं की ते चपलांच्या कप्प्यात ठेवून जायचे आणि दुसऱ्या दिवशी वासावरून आम्ही ते शोधायचो. आम्हाला दिवसभर बसायला स्टूल नव्हतं. मॅनेजरचं म्हणणं होतं की बसलेली बाई आळशी दिसते. तो स्वतः मात्र खुर्चीतून उठताना फारसा दिसला नाही.

तरी मला ती नोकरी आवडायची. माझं माहेर फर्दापूरचं, सासर करमाडचं, आणि दोन्हीकडे बाई शेतात राबली तर ते काम, दुकानात उभी राहिली तर ती हौस. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत पाळीनं जायचा, आम्ही शहरात दोन खोल्यांत राहायचो. सकाळी निळा एप्रन घालून मी पिंपांमागे उभी राहिले की तेवढा वेळ मी कुणाची सून नव्हते आणि कुणाची बायको नव्हते. कुणी काही म्हणो, मला ते फार बरं वाटायचं.

मुलगी दुसरीत गेली आणि तिची तब्येत ढासळायला लागली. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, खाल्लेलं अंगी लागेना, दिवसातून कितीदा तरी संडासला पळायची. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, आत्याबाईंनी दृष्ट काढून झाली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाईच म्हणतात. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तोंडातून नळी घालून तपासणी केली आणि निदान सांगितलं. गव्हात असं काही असतं जे हिच्या आतड्यांना सोसत नाही. औषध नाही. गहू आयुष्यभर बंद, हेच औषध. पोळी बंद, पाव बंद, बिस्किट, रवा, मैदा, शेवया सगळं बंद. कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. पोरीच्या शाळेच्या डब्यात आता काय द्यायचं, हे आधी मनात आलं. मग वाटलं, आपण तर ज्वारीच्या मुलखातली माणसं, पोरगी भाकरीवर मजेत जगेल.

आणि त्या दिवसापासून मीच ते गिऱ्हाईक झाले. सुट्टीच्या दिवशी मी दुसऱ्यांच्या दुकानांत जाऊन प्रत्येक पाकीट उलटंपालटं करायचे, डोळ्यांशी नेऊन बारीक अक्षरं वाचायचे, परत ठेवायचे, पुन्हा उचलायचे. दुकानदाराला विचारायचे, "या फरसाणात मैदा आहे का?" तो म्हणायचा, "सगळ्यात असतो ताई, घ्या, ताजं आहे." चॉकलेट, सॉस, आइस्क्रीम, पापड, सगळ्यांची मी झडती घेतली. मागच्या रांगेतली माणसं उसासे टाकायची. ते उसासे माझ्या ओळखीचे होते, मी रोज कामावर तेच टाकत होते. हिंगाच्या डबीतसुद्धा पीठ मिसळलेलं असतं हे मला सापडलं त्या दिवशी तर मी घरी नाचतच गेले. म्हटलं, चोर पकडला.

मग गिरणी. गव्हावर ज्वारी टाकली की आधीचं पीठ थोडं तरी त्यात येतंच. गिरणीवाल्याला मी हात जोडून सांगितलं की सकाळी यंत्र झाडून आधी माझी ज्वारी घ्या. तो म्हणाला, "बाई, तुमच्या एका डब्यासाठी मी यंत्राला आंघोळ घालू का?" पण घालायचा बिचारा. आत्याबाई तर माझ्याही पुढं. नात सुट्टीला यायच्या आधी त्यांनी करमाडच्या घरातली कणीक उचलून जावेच्या माहेरी पाठवून दिली आणि थोरल्या दिराला चार दिवस बाजरी खायला लावली. पोरीवर त्यांचा जीव होता, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

एवढं करून पहिल्या तपासणीला गव्हाचा त्रास दाखवणारा रक्तातला आकडा जिथल्या तिथं. डॉक्टरीणबाई चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कुठून तरी गहू जातोय." मी म्हटलं, मॅडम, गव्हाचा दाणा घरात नाही. दुसऱ्या तपासणीलाही तेच. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळीही असाच राहिला तर पुन्हा नळी घालावी लागेल, आणि मग पुण्याला पाठवायचा विचार करू. पोरगी खुर्चीत पाय हलवत बसली होती. नळी हा शब्द तिला कळत होता. तिनं माझा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

आत्याबाईंना कारण सापडलं ते याच वेळी. आमच्याकडे आल्या होत्या. मी कामावरून आले, एप्रन खुंटीला लावला, तर त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. पांढरं पीठ होतं.

"दिसभर गव्हात उभी राहतीस," त्या म्हणाल्या. "केसात गहू, नखात गहू. घरी येऊन पोरीला कवळतीस. मग आकडा कसा उतरंल?"

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या रागाखाली भीती बसली, कारण त्यांचं म्हणणं खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं. गव्हाची पोती रिकामी करताना खरंच धूळ उडायची, नाकातोंडात जायची. मी दुकानातच कपडे बदलायला लागले. घरी आले की आधी डोक्यावरून आंघोळ, मगच पोरीला हात. तिला वाटायचं आई आपल्याला टाळते. आणि आत्याबाई दर फोनला विचारायच्या, "सोडली का नोकरी? पोरीपेक्षा नोकरी मोठी हाय का तुला?" गल्लीत, पाहुण्यांत, सगळीकडे त्यांनी ते सांगितलं. नवरा पाळीची वेळ झाली म्हणून निघून जायचा. मी शेवटी मॅनेजरला सांगितलं की दिवाळीची गर्दी ओसरली की मी नोकरी सोडते.

बिलिंगवरची मैत्रीण चिडली. ती शहागंजची, घरात उर्दू, दुकानात मराठी, आणि रागात दोन्ही. "नक्को छोडो," ती म्हणाली. "पहले पक्का तो होने दो. उद्या नोकरी सोडली, और आकडा वैसाच राहिला, मग कुणावर टाकायचं?" तिचं म्हणणं मला पटत होतं. पण पोरीच्या अंगावर प्रयोग करत बसायची माझी हिंमत नव्हती.

मग ती बाई आली. दिवाळी तोंडावर होती, काट्यापुढं रांग लागली होती, माझे पाय सुजले होते. साठीची असेल, डोक्यावर पदर, हातात घरून आणलेल्या पुरचुंड्या बांधायच्या चिंध्या. तिनं सांगायला सुरुवात केली. "मूठभर गहू दे बाई. मूठभर हरभऱ्याची डाळ. तेवढीच बाजरी. तांदूळ घाल थोडा. उडदाची डाळ चिमटभर."

पाव किलोच्या खाली वजन करायचं नाही असा दुकानाचा नियम. मी तो हसून सांगितला.

"मला पाव किलो कशाला लागती?" ती म्हणाली. "मी एकलीच हाय घरात. मूठभर दे."

"मावशी, मशीन मूठ घेत नाही."

"मग हातानं दे. तुला हात हायेत की."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो घ्या ना पाव किलो, आम्हाला घरं आहेत." ती वळून त्याला म्हणाली, "मग घरी जा." मला हसू फुटलं, खरंखुरं, आणि त्याच वेळी भयंकर वैतागही आला. एकेका मुठीचं वेगळं स्टिकर, मॅनेजर वरून बघतोय, दुकानातली माझी ही शेवटची दिवाळी. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "एवढं एवढंसं घेऊन करायचंय तरी काय?"

"कामून? येसर करायचाय," ती म्हणाली. "दिवाळीला लेक येती. तिला आमटी लागती."

माझा हात पिंपातच राहिला.

येसर म्हणजे आमटीला घालायचा भाजका मसाला. पाण्यात कालवून उकळत्या आमटीत सोडला की ती दाट होते आणि खमंग वासानं घर भरतं. माझ्या माहेरी फर्दापूरकडे तो नव्हता, आमच्याकडे आमटीला काळा मसाला. येसर मी लग्नानंतर पाहिला तो तयार, कुटलेला, आत्याबाईंच्या पत्र्याच्या डब्यात. दर उन्हाळ्यात त्या तो भाजायच्या, तिन्ही लेकरांच्या घरी डबे पोचवायच्या, आणि तो कसा करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. मिरी, धने, खोबरं, दगडफूल यांचा वास यायचा, म्हणून मी तो मसाल्यांच्या फळीवर ठेवला होता. मसाल्यात गहू कोण शोधतं? दुकानातली एकूण एक पाकिटं मी वाचली होती. त्या डब्यावर वाचायला काही नव्हतंच.

आणि पोरगी खंगली म्हणून आत्याबाई सांगायच्या, आमटी दाट कर, येसर हात राखून घालू नको, तिला ताकद येऊ दे. मी घालत होते.

त्या बाईला मी मूठ-मूठ सगळं दिलं. पाव किलोचा नियम मोडला आणि मॅनेजरची बोलणी खाल्ली. जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात जाऊन करमाडला फोन लावला, आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून विचारलं, "आत्याबाई, येसरात काय काय घालता हो तुम्ही?"

त्यांना आनंद झाला. इतक्या वर्षांत सुनेनं पहिल्यांदा काही शिकायला मागितलं होतं. "आधी गहू," त्या म्हणाल्या. "गहू चांगला लाल भाजायचा. गव्हाबिगर येसराला चव नाय. मग डाळ, बाजरी..." सगळं सांगून झालं आणि त्याच दमात म्हणाल्या, "आन पोरीला गव्हाला शिवू देऊ नको बरं."

म्हणजे त्यांच्या लेखी येसरात गहू होता, पण येसर गहू नव्हता. तो मसाला होता. पोळी म्हणजे गहू, कणीक म्हणजे गहू, आणि येसर म्हणजे येसर. अख्ख्या करमाडात कुणाला विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं.

फोन ठेवला आणि मी जिन्यात बसून रडले. दुःखाचं रडणं नव्हतं ते. माझ्या नखातून, केसातून, माझ्या कवळण्यातून पोरीला काही होत नव्हतं, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं.

पण मी कुणाला सांगितलं नाही. हिंग सापडला तेव्हा मी गावभर सांगितलं होतं, गिरणी सापडली तेव्हाही, आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटले होते. येसराचा डबा मी गाद्यांच्या मागं लपवला. आमटीत बेसन घालायला लागले. मॅनेजरला सांगितलं की पुढच्या तपासणीपर्यंत थांबते, मग बघू. त्यानं मान हलवली, माझ्या जागी त्याला तसंही दुसरं कुणी मिळालं नव्हतं. आत्याबाई मध्ये एकदा आल्या, जेवायला बसल्या, एक घास घेतला. "येसर नाय व्हय यात?" मी म्हटलं, संपला. "पाठवून देते," त्या म्हणाल्या, आणि खरंच दुसऱ्या आठवड्यात दिराच्या हाती दुसरा डबा आला. तोही गाद्यांमागं गेला. नोकरीवरून त्यांचं बोलणं चालूच होतं. मी ऐकून घेत होते, आणि मनात सगळं नीट रचून ठेवत होते, वेळ आली की एकेक परत करायचं म्हणून.

हळूहळू पोरगी जेवायला मागायला लागली. आधी मी विश्वास ठेवला नाही. मग एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर न काढता भाकरीच्या टोपल्याकडे गेली. पोट बसलं, गालावर रंग आला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "सापडला वाटतं चोर." आकडा चांगलाच खाली आला होता. नळी नको, पुणं नको. असंच चालू ठेवा. माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पोरीनं विचारलं, "आता तू आल्या आल्या आंघोळ नाही ना करणार?" मी तिला तिथंच उचलून घेतलं. जड लागली. इतकं बरं ओझं मी कधी उचललं नव्हतं.

दुकानात मैत्रिणीला सांगितलं तर तिनं गिऱ्हाइकाचं बिल अर्धवट टाकून मला मिठी मारली. "बोली थी ना मैं," ती म्हणाली. रांग बोंबलली. मॅनेजरनं विचारलं, मग जाताय की राहताय? मी म्हटलं, राहतेय, पण स्टूल पाहिजे. स्टूल काही मिळालं नाही.

पुढच्या सुट्टीला पोरीला नवऱ्याजवळ ठेवून मी एकटीच जालना रोडच्या बसमध्ये बसले. दोन्ही डबे पिशवीत होते. रस्ताभर मी घोकत होते. पोरीपेक्षा नोकरी मोठी का म्हणालात ना? एप्रनवर बोट फिरवलंत ना? पाहुण्यांत सांगितलंत ना? आता ऐका. चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं, आणि माझी वाक्यं अगदी धारदार झाली होती.

आत्याबाई ओट्यावर हरभरा निवडत बसल्या होत्या. मला एकटीला बघून त्यांचा चेहरा उतरला. "पोरगी?"

"बरी आहे. आकडा उतरला."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "म्हंजे सोडलीस नोकरी. चांगलं केलंस."

"नाही सोडली," मी म्हटलं, आणि दोन्ही डबे त्यांच्यापुढं ठेवले. "येसर सोडला. यात गहू आहे, आत्याबाई."

त्या डब्यांकडे बघत राहिल्या. त्यांना कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते मला दिसलं. सुपावरचा हात थांबला.

"मीच चारत होते व्हय," त्या शेवटी म्हणाल्या. "आन वरून दाट कर म्हणत होते."

मी डबे बाजूला सरकवले.

"मी तुला लई बोलले," त्या म्हणाल्या. "चार माणसांत बोलले. आता तू मला बोल. एकदाच बोल, पर बोल."

मी तोंड उघडलं. रस्ताभर घोकलेलं सगळं ओठांवर होतं. समोर एक म्हातारी हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बोलणी खायला तयार बसली होती, आणि तिच्या नातीला मी परवाच पायऱ्यांवर उचलून घेतलं होतं. मला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"आत्याबाई, भूक लागलीय," मी म्हटलं.

त्या पदरानं डोळे पुसत उठल्या. आत गेल्या, मी मागोमाग. ज्वारीच्या पिठाला हात घालायच्या आधी त्यांनी फळीवरचा एकेक डबा खाली घेतला, झाकण काढलं आणि माझ्यापुढं धरला. तिखट. हळद. शेंगदाण्याचं कूट. "यात नसंल ना काई?" दर डब्याला तेच विचारत होत्या. जेवायचं मला होतं आणि मला गहू चालतो, पण ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी प्रत्येक डब्यात वाकून बघितलं आणि प्रत्येक वेळी सांगितलं, "नाही, यात काही नाही."